एकोणीस उत्तरपत्रिकांतलं एक वाक्य

माझी नणंद इतिहास शिकवते असं कुणाला सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "मग सगळ्या सनावळ्या तोंडपाठ असतील, नाही?" तिला स्वतःच्या भावाचा वाढदिवस आठवत नाही. तो मलाच लक्षात ठेवावा लागतो आणि सकाळी जिन्यात गाठून तिच्या कानावर घालावा लागतो. मग ती वर येते, ह्यांच्या पाठीवर थाप मारते, आणि हे मला कौतुकानं सांगतात, "बघ, ताई कधी विसरत नाही."

ती आमच्या खाली दोन मजले सोडून राहते. एकटी. लग्न केलं नाही. का, हे विचारायची टाप आमच्या घरात कुणाची नाही. तिच्या दोन खोल्यांतली एक कागदांनी भरलेली आहे. कपाट उघडायचं तर आधी खुर्ची बाहेर काढावी लागते. घरात आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, माझी लेक आत्या म्हणते आणि शाळेत पाऊल टाकलं की तीच लेक बाई म्हणते. एकदा वर्गात चुकून आत्या म्हणाली, तर ताईनं वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "आत्या घरी असतात. इथे कुणाला हाक मारलीस?" पुढे आठवडाभर वर्गातली सगळी मुलं एकमेकांना आत्या म्हणत होती.

शाळेच्या शेवटच्या वर्षाला काही मुलं नेहमीच्या इतिहासाऐवजी प्रगत इतिहासाचा पेपर घेतात. तो शाळा काढत नाही, परीक्षा मंडळ काढतं; तपासणारेही बाहेरचे. एक ते पाच अशी श्रेणी मिळते. चार किंवा पाच मिळाले तर कॉलेजात पहिल्या वर्षाचा इतिहास माफ, आणि चांगल्या कॉलेजात अर्जाला वजन. त्या पेपरात एक मोठा प्रश्न असतो, त्याला मुलं 'कागदांचा प्रश्न' म्हणतात. सात जुने कागद छापलेले असतात. एखाद्या गिरणीमालकाचं पत्र, कारखाने तपासणाऱ्याचा अहवाल, कामावरच्या बाईची जबानी, एखादी जाहिरात. तासाभरात ते वाचायचे आणि त्यांच्या आधारानं निबंध लिहायचा. ताईनं तो वर्ग वीस वर्षं घेतला. तिसऱ्या मजल्यावर, प्रयोगशाळेच्या शेजारची खोली. गॅसचा वास येतो म्हणून ती खोली दुसऱ्या कुणाला नको असायची.

पहिल्या दिवशी ती मुलांना पाठ्यपुस्तक उघडू द्यायची नाही. आमच्या इमारतीच्या फलकावरची एखादी सूचना झेरॉक्स करून वाटायची. 'टाकीच्या सफाईनिमित्त उद्या दोन तास पाणी बंद राहील. सहकार्याबद्दल आभार.' बस, एवढंच. मग प्रश्न. हे कुणी लिहिलं? कुणासाठी? आजच का? आणि कागद काय सांगत नाही? तास संपेपर्यंत मुलांनी शोधून काढलेलं असायचं की टाकी दोन वर्षांत धुतलेली नाही, कुणाचं तरी पोट बिघडलंय, आणि सेक्रेटरीला कुणीतरी फैलावर घेतलंय. सगळं खरं होतं. मी तर त्या भांडणाला हजर होते.

अशी ती शिकवायची. नोट्स द्यायची नाही. "उत्तर लिहून दिलं की मूल वाचायचं बंद होतं," म्हणायची. तिच्या वर्गातली निम्मी मुलं चार-पाच श्रेणीत जायची, निम्मी तीनवर थांबायची. वीस वर्षं हे असंच चाललं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मग नवे मुख्याध्यापक आले. मुलांनी आठवड्यात त्यांचं नाव 'तक्ता' ठेवलं, कारण त्यांनी शिक्षकांच्या खोलीत चहाच्या टेबलामागे एक मोठा तक्ता लावला. प्रत्येक विषयाचा एक उभा पट्टा. गणिताचा हिरवा, उंच. इतिहासाचा लाल, बुटका.

"बाई, तुमची मुलं विचार छान करतात," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "पण विचाराला तपासणीच्या कागदावर रकाना नाही."

"मग रकाना वाढवायला सांगा मंडळाला," ताई म्हणाली.

लोक हसले. तक्तासाहेबही हसले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी तिला जिन्यात गाठलं. कागदांच्या प्रश्नाला सात गुण. त्यातला एक नुसता सुरुवातीच्या परिच्छेदाला, ज्यात मुलांनी त्या काळाची पार्श्वभूमी सांगायची. "हा गुण फुकटचा आहे, बाई. चार विषयांचे चार परिच्छेद पाठ करून घ्या. शनिवारच्या क्लासवाले तेच करतात. यंदा निम्म्याहून जास्त मुलं चार-पाच श्रेणीत गेली पाहिजेत, नाहीतर पुढच्या वर्षी प्रगतचा वर्ग मी चालवू शकणार नाही. माझ्यावरही माणसं आहेत." एवढं बोलून ते खाली उतरून गेले. जिन्यात आणखी कुणी नव्हतं.

त्या दिवशी ती थेट आमच्याकडेच आली. चप्पल काढली नाही, दारातच उभी राहून सगळं सांगितलं. निवृत्तीला तीन वर्षं होती. तो वर्ग आपल्या हातानं कुणा लायक माणसाच्या स्वाधीन करावा आणि मग घरी बसावं, एवढीच तिची इच्छा होती. ती मला माहीत होती, कारण दर मे महिन्यात ती बोलून दाखवायची. आता वर्गच बंद म्हटल्यावर द्यायचा काय आणि कुणाला?

"देऊन टाक की चार परिच्छेद," हे म्हणाले. "वीस वर्षं तुझं चाललं. एक वर्ष त्यांचं चालू दे."

"सगळ्या शाळांतली मुलं तेच करतात, आत्या," लेक म्हणाली. त्या वर्षी ती त्याच वर्गात होती.

"सगळ्या शाळांतली मुलं नखंही खातात."

"मी नाही खात."

"दाखव."

लेकीनं हात मागे घेतले. ताई हसली.

महिनाभर ती आपल्याच पद्धतीनं शिकवत राहिली. सराव परीक्षेत बावीसपैकी नऊ मुलं चारला पोचली, तेव्हा तिनं हत्यारं टाकली. शनिवारच्या क्लासचं पुस्तक आणलं. तो क्लास घेणारे सर तरुण होते, आठवड्यातले दोन दिवस याच शाळेत खालच्या वर्गांना शिकवायचे. त्यांनीच बिचाऱ्यांनी आपल्या पिशवीतून काढून दिलं. आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून ताईनं त्यातला औद्योगिक क्रांतीचा परिच्छेद मला वाचून दाखवला. "औद्योगिकीकरणामुळे समाजाच्या विविध घटकांवर दूरगामी परिणाम झाले."

"काय परिणाम?" मी विचारलं.

"दूरगामी," ताई म्हणाली आणि पुस्तक पालथं ठेवलं. "हे माझ्या तोंडून निघायचं नाही गं. पोरांना खोटं जेवायला वाढल्यासारखं वाटतं. पाठच करायचंय ना? मग निदान पाठ करण्याजोगं तरी करू देत."

आणि तिनं स्वतः लिहायला घेतलं. चूक झाली ती इथे. त्या वेळी ती आम्हा दोघींनाही चूक वाटली नाही. मी वाटाणे सोलत होते, ती लिहीत होती, खोडत होती. वाटाणे संपले, मी कुकर लावला, तरी ती त्याच परिच्छेदात होती. चौथ्या वेळी तिनं कागद लांब धरून मला वाचून दाखवला. घड्याळं, भोंगे, पगारातून कापला जाणारा उशीर, असं सगळं पाच वाक्यांत होतं. शेवटचं वाक्य असं होतं: "पूर्वी दिवस उगवला की माणूस उठत असे, कारखाने आले, आणि माणूस उठला की दिवस उगवू लागला."

"वा!" मी म्हणाले.

मी "वा" म्हणायला नको होतं. "लांबलंय" म्हटलं असतं तर तिनं ते वाक्य कापलं असतं. तिला छाटायची सवय होती.

तिनं चार विषयांचे चार परिच्छेद मुलांना सांगितले आणि त्यांनी ते उतरवून घेतले. वीस वर्षांत बाईंनी दिलेल्या पहिल्या नोट्स. मुलांनी त्या अशा पाठ केल्या की बसस्टॉपवर एकजण अर्धं वाक्य म्हणायचा आणि दुसरी उरलेलं पुरं करायची. परीक्षेत नेमका गिरण्यांचाच विषय आला. लेक पेपर देऊन घरी आली ती दोन-दोन पायऱ्या चढत. "आई, आत्याचं वाक्य टाकलं! सगळ्यांनी टाकलं!"

मीही आनंदले. सगळ्यांनी टाकलं याचा अर्थ काय, ते माझ्या डोक्यात आलं नाही. ताईच्या आलं असावं. ती फक्त एवढंच म्हणाली, "सगळ्यांनी? शब्दन्‌ शब्द?"

निकालाच्या दिवशी बावीसपैकी तिघांचा निकाल आला. हे तिघे ऐन वेळी परिच्छेद विसरले होते. बाकी एकोणीस जणांच्या नावापुढे 'राखून ठेवला' असा शिक्का. माझ्या लेकीच्याही. दोन दिवसांनी शाळेला मंडळाचं पत्र आलं. एकोणीस उत्तरपत्रिकांत एक परिच्छेद अक्षरशः सारखा आहे, तेव्हा परीक्षेच्या खोलीत नक्कल झाल्याचा संशय आहे. चौकशीसाठी अधिकारी येतील.

शाळेनं पालकांना बोलावलं. प्रयोगशाळेबाहेरच्या लांब बाकावर आम्ही बसलो. कॉलेजचे अर्ज भरायची मुदत पंधरा दिवसांवर होती, त्यामुळे जो तो घायकुतीला आलेला. माझ्या शेजारी वर्गातल्या एका मुलीची आई होती. वर्षभर माझ्याशी गोड बोलणारी.

"तुमच्याच घरच्या ना त्या बाई?" तिनं विचारलं.

"नणंद माझी."

"मग काय. तुमच्या मुलीला आधीच मिळालं असेल, तिनं वाटलं असेल. माझी मुलगी कशाला कुणाचं बघेल? तिला गरज नाही."

तिच्या पलीकडे एक डॉक्टर होते, त्यांचाही मुलगा वर्गात. ते मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "एवढ्या वर्षांच्या अनुभवी बाई म्हणवतात, आणि एवढं कळू नये? थोडे शब्द तरी बदलून द्यायचे."

मी पर्सची चेन उघडबंद करत बसले.

चौकशीला आलेल्या बाई ताईच्याच वयाच्या होत्या. केस पांढरे, चष्म्याला दोरी. त्या खोलीत काय झालं ते मला ताईनंच सांगितलं. त्यांनी टेबलावर झेरॉक्स मांडल्या होत्या. पहिल्या उत्तरपत्रिकेच्या समासात, त्या वाक्यापाशी, तपासणाऱ्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'सुंदर!' दुसरीत तिथे नुसतं प्रश्नचिन्ह. चौथीत दोन प्रश्नचिन्हं. सहावीनंतर काहीच नाही. सहावी घेऊन तो वरिष्ठांकडे गेला होता.

"खरं सांगू का," त्या बाई म्हणाल्या, "पहिल्या पेपरात वाचलं तेव्हा त्यानं ते शेजारच्या टेबलावर वाचून दाखवलं होतं."

"शनिवारच्या क्लासचे परिच्छेद तर हजार पेपरांत असतील," ताई म्हणाली.

"असतातच. पण ते कुणाच्या लक्षात येतात? डोळा त्यावरून घसरत जातो. तुमचं वाक्य चांगलं होतं, बाई. तेवढंच चुकलं."

ताई मला हे सांगत होती तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला हसू म्हणता आलं असतं.

त्या बाईंनी नियम वाचून दाखवला. परिच्छेद शिक्षकांनी सांगून पाठ करून घेतला असेल, तर मुलांनी नक्कल केली असं होत नाही. त्यांचे गुण पूर्ण मिळतील. मात्र शिक्षकांनी तसं लेखी द्यायला हवं, आणि तयार उत्तर देणाऱ्या शिक्षकाचं नाव प्रगत विषयाच्या मान्य यादीतून निघतं. कायमचं. लेखी द्यायला पाच दिवस.

तक्तासाहेबांनी तिला दुसरी वाट दाखवली. दार लावून घेतलं, चहा मागवला, साखर किती हेही विचारलं. "हे बघा बाई, एवढं टोक गाठायची गरज नाही. मुलांनी कुठल्यातरी पुस्तकातून किंवा इंटरनेटवरून पाठ केलं असेल, आम्हाला कल्पना नाही, एवढंच लिहू. त्या एका प्रश्नाचे गुण जातील, बाकीचा निकाल लागेल. शाळेचं नाव राहील. तुमचं नाव यादीत राहील. वर्गही राहील, मी शब्द देतो."

"त्या प्रश्नाशिवाय एकही मूल तीनच्या वर जाणार नाही."

"तीन म्हणजे नापास नव्हे."

"आणि मुलांच्या नावावर?"

"ताकीद. नुसती ताकीद हो. कोण विचारतंय पुढे."

संध्याकाळी आमच्याकडे वाद झाला. हे कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला.

"त्यांनी सांगितलं म्हणून तू केलंस ना? मग तसंच लिही! मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून. स्पष्ट."

"कुठल्या कागदावर सांगितलं?"

"तोंडी सांगितलं ना?"

"जिन्यात. जिना साक्षीला येणार आहे का?"

"म्हणजे तू एकटीच मरणार आणि तो तक्ता नामानिराळा."

"पुरावा नाही ते मी लिहीत नाही. आयुष्यभर पोरांना हेच सांगितलंय."

माझी लेक इतका वेळ दाराला टेकून उभी होती. गेल्या चार दिवसांत ती नीट जेवली नव्हती. ती म्हणाली, "पण आत्या, कागद काय सांगत नाही तेही शोधायचं असं तूच सांगतेस."

"वाचणाऱ्यानं शोधायचं, बाळ," ताई म्हणाली. "लिहिणारा लपवतोच."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "अगं, तू काहीच बोलत नाहीस."

माझी मुलगी त्या एकोणिसांत होती. ताईनं खरं लिहावं असं मला वाटत होतं, आणि ते तिच्या भल्यासाठी वाटत नव्हतं. ते तिला दिसत होतं. कुणाचा कागद कशासाठी बोलतो ते ओळखण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं. मी म्हणाले, "ताई, तुम्ही जेवून घ्या आधी." ती जेवली.

तिनं लिहिलं ते अर्धं पानही नव्हतं. सदर परिच्छेद मी तयार केला, वर्गात सांगितला, पाठ करायला लावला. विद्यार्थ्यांनी माझ्या सूचनेचं पालन केलं. त्यांचा दोष नाही. सही, तारीख. मला तिनं ते वाचायला दिलं. इतकं कोरडं तिनं कधी लिहिलं नव्हतं. मी विचारलं, "कारण नाही लिहिलंत?" ती म्हणाली, "रकाना नव्हता."

आठवड्यात निकाल लागला. एकोणिसांपैकी सोळा मुलं चार किंवा पाचवर. शाळेच्या इतिहासात प्रगतचा असा निकाल कधी लागला नव्हता. शिक्षकांच्या खोलीतला लाल पट्टा हिरवा झाला आणि गणिताच्या खांद्याला लागला. शाळेच्या दारात मोठा फलक लागला, सोळा मुलांचे फोटो, खाली मुख्याध्यापकांचं मार्गदर्शनाबद्दल अभिनंदन. ताईचं नाव कुठे नव्हतं. नियमानं ते आता घालताही आलं नसतं, असं ऑफिसातल्या क्लार्कनं मला समजावून सांगितलं; माणूस वाईट नव्हता, उलट फलकासमोर मी उभी आहे हे बघून त्यालाच ओशाळं वाटत होतं.

मुलांपैकी दोघी तिला भेटायला आल्या. डॉक्टरांनी शाळेला पत्र लिहिलं की निकालाच्या दिरंगाईमुळे मुलाच्या पहिल्या पसंतीचं कॉलेज हुकलं, आणि याला जबाबदार कोण. माझ्या शेजारी बसलेली ती आई मला बाजारात भेटली. "शेवटी चांगलंच झालं ना सगळं," म्हणाली. तिच्या मुलीला पाच मिळाले होते.

माझ्या लेकीलाही पाच. तिनं गुणपत्रक आत्याला दाखवलं नाही. कपाटात कपड्यांच्या खाली ठेवलं. ताईनंच मागून घेतलं, चष्मा वर करून बारकाईनं पाहिलं आणि म्हणाली, "निबंधाचा उरलेला भाग तुझाच होता ना?"

"हो."

"मग रडतेस कशाला?"

लेक आता कॉलेजात आहे. तिनं इतिहास घेतला नाही.

प्रगतचा वर्ग बंद झाला नाही. एवढ्या निकालावर तो बंद करणं शक्यच नव्हतं. तो शनिवारच्या सरांकडे गेला. ताईला पाचवी-सहावीचे तास मिळाले आणि ग्रंथालयातला एक, ज्यात पुस्तकांवर नंबर चिकटवायचे. तक्तासाहेब जिन्यात भेटले की अजूनही आदरानं थांबतात. "तब्येत सांभाळा, बाई," म्हणतात.

गेल्या रविवारी सकाळी ते शनिवारचे सर तिच्याकडे आले. मी तिथेच होते. तिचे पडदे शिवून आणले होते ते लावत होते. सर खांद्यावरची जड पिशवी मांडीवर घेऊन बसले. वयानं तिशीचे, डोळ्यांखाली काळं. तीन ठिकाणी शिकवतात. त्यांच्याबद्दल मनात राग धरायचा मी बराच प्रयत्न केला आहे, पण तो टिकत नाही.

आधी त्यांनी जुन्या कागदांच्या झेरॉक्स मागितल्या. ताईनं दोन गठ्ठे काढून दिले. "हा तपासनिसाचा अहवाल आधी देऊ नका," तिनं सांगितलं. "आधी बाईची जबानी द्या. म्हणजे अहवाल वाचताना त्यांना राग येईल. राग आला की नीट वाचतात." सर हो हो म्हणाले आणि ते गठ्ठे पिशवीत घालताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एवढं वाचायला वेळ कुठे मिळणार आहे, बाई."

मग ते जरा घुटमळले.

"आणखी एक होतं. तुमचा तो परिच्छेद. मुद्दा फार उत्तम आहे. वेळेचा, घड्याळाचा. गुण हमखास. पण आता मंडळ सावध झालंय. तो वेगवेगळ्या शब्दांत सात-आठ प्रकारे लिहून मिळाला तर मी तीन-तीन मुलांना एकेक वाटीन. मी स्वतः बसलो होतो, पण मला जमेना. माझं सगळं एकसारखंच होतं."

मी स्टुलावर उभी होते. हातातली पडद्याची दांडी तशीच राहिली. मला वाटलं, आता ताई त्यांना दार दाखवेल. दाखवावं असं मला फार वाटलं.

"मुलं किती आहेत यंदा?" तिनं विचारलं.

"चोवीस. मागच्या निकालामुळे दोन वाढली."

तिनं टेबलाकडे हात केला. मी उतरून तिला पेन आणि पॅड दिलं. तिनं आपलं ते वाक्य वर लिहिलं आणि त्याच्याखाली एकेक करून लिहीत गेली. पहिल्या दोन वाक्यांत अजून माणूस होता आणि दिवसही होता. सर वाकून वाचत होते. "हे जरा लक्षात राहण्यासारखं आहे, बाई," ते अवघडून म्हणाले. तिनं त्या दोन्हींवर रेघ मारली. मग ती सरळ लिहीत सुटली, न खोडता. वेळ फारसा लागला नाही. सातवं तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. "कारखान्यांच्या वाढीमुळे कामगारांच्या दैनंदिन वेळापत्रकात लक्षणीय बदल घडून आला."

सरांचा चेहरा उजळला. "हे अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "हे कुणीही लिहिलेलं असू शकतं."

त्यांनी पान घडी घालून वरच्या खिशात ठेवलं. दारापर्यंत गेले, बूट घालायला वाकले आणि तसेच वाकून विचारलं, "असं आणखी एखादं जमेल का? चोवीसला तीननं भागलं की आठ होतात."

ताईनं पॅड पुन्हा ओढून घेतलं आणि आठवंही लिहून दिलं.